माळ्यावरचं मशीन

दिवाळीच्या आधी घरोघरचे माळे रिकामे होतात आणि रस्त्यावर भंगारवाल्यांच्या गाड्या भरतात. अशाच एका दुपारी मी दिल्ली दरवाजाकडून घरी परतत होते. रिक्षाच्या पुढे एक हातगाडी चालली होती. वर पत्र्याचे डबे, फुटक्या बादल्या, सायकलचं एक चाक, आणि या सगळ्याच्या खाली दबलेलं, तोंडावर पडलेलं काळं शिलाई मशीन. मातीने माखलेलं होतं, तरी कडेची सोनेरी वेलबुट्टी दिसत होती. मी रिक्षा थांबवायला लावली.

"हे केवढ्याला?"

"किलोवर आहे मावशी. बिडाचं आहे, वजन चांगलं भरेल."

खालचा स्टँड कुठंय म्हणून विचारलं, तर तो सकाळीच गेला होता. कुठल्याशा हॉटेलवाल्याने नेला. त्या लोखंडी जाळीच्या पायांवर फरशी टाकली की झोकदार टेबल होतं म्हणे. म्हणजे पाय हॉटेलात आणि डोकं भट्टीत!

कुणाच्या घरचं, असंही विचारून पाहिलं. "एका म्हातारीचं होतं. पोरांनी काढलं," एवढंच म्हणून तो वजनकाट्याकडे वळला. म्हातारीला विचारलं होतं का, हा प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता. पण त्या बिचाऱ्याला विचारून काय उपयोग?

मशीन पायाशी ठेवून घरी आणलं. दार उघडल्याबरोबर आमचे हे म्हणाले, "नववं?" मी म्हटलं, "अकरावं. विणकामाची दोन तुम्ही कधी मोजतच नाही."

तर मैत्रिणींनो, हा माझा छंद. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. माझ्याकडे शिवणाची नऊ आणि विणकामाची दोन मशीनं आहेत. काही जुनी, काही अगदी अलीकडची. दोन खोल्यांत मिळून ती मावतात असं मी म्हणते, घरातले म्हणतात आम्हीच मावत नाही. पाहुणे आले की हसतात. "तुम्ही टेलरिंगचा क्लास काढणार की काय?" असं विचारतात. पूर्वी मी या चेष्टेवर गप्प बसायचे. आता बसत नाही. उलट त्यांना विचारते, आपल्या नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय पाहिलंत का? (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. सवय जाता जाईल.) १९९४ साली लष्कराने इथे कॅव्हलरी टँक म्युझियम उघडलं. देशोदेशीचे रणगाडे तिथे झाडांच्या सावलीत ओळीने उभे आहेत. पाकिस्तानकडून युद्धात काबीज केलेला पॅटनसुद्धा आहे. तो कुठल्या देशाचा, कोणत्या लढाईत होता, हे तिथे समजतं. शाळांच्या सहली जातात, मुलं डोळे विस्फारून बघतात. बघायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच की लढाईच्या यंत्राला आपण नाव, गाव, इतिहास देतो आणि ज्या यंत्राने घरं चालवली ते आपण किलोवर घालतो.

माझ्या संग्रहातलं पहिलं मशीन मी जमवलेलं नाही. ते माझ्या आईचं. माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. आईने १९६६ साली एका म्हाताऱ्या शिंप्याकडून जुनं हातमशीन घेतलं, त्यासाठी पुतळ्यांच्या माळेतल्या दोन पुतळ्या मोडल्या. आजी म्हणजे तिची सासू आठ दिवस बोलली नव्हती. बाईच्या अंगावरचं सोनं कमी झालं हे दु:ख की सून आता चार पैसे स्वत:च्या हातात धरणार ही धास्ती, ते देव जाणे.

पुढे ७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. नवं कापड शिवायला टाकतंय कोण? पण आईचं मशीन थांबलं नाही. गावातल्या बाया रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायच्या. उन्हात बसून, घासून घासून लुगडी मधोमध विरायची. आई त्या लुगड्यांना दांड घालून द्यायची. आजच्या मुलींना दांड हा शब्द माहीत नसेल. विरलेला मधला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड भाग जोडायचे. एवढंच. दोन फाटकी लुगडी असली तर त्यातून एक नेसण्याजोगं निघायचं. पैसे कुणाकडे नव्हतेच. कुणी कामावर मिळालेल्या सुकडीतली मूठभर आणून द्यायची, कुणी शेणी आणायची, कुणी नुसतंच "देव तुझं भलं करो" म्हणायची. त्या हातमशीनचं चाक फिरवायचं काम माझं. कापड सरळ धरायला आईला दोन्ही हात मोकळे हवे असत. माझा उजवा दंड दुखून यायचा, पण सांगायची सोय नव्हती. बाहेर बाया ओळीने बसलेल्या असत, एकेकीच्या अंगावर शेजारणीचं मागून आणलेलं लुगडं.

आई गेली तेव्हा भावांनी वाटण्या केल्या. जमीन, घर, भांडी. मशीन कोपऱ्यात होतं, ते कुणी मागितलं नाही. मी म्हटलं, मला हे द्या. सगळ्यांना हायसं वाटलं, ताईने जमिनीत काही मागितलं नाही म्हणून!

कितीतरी वर्षांनी एका मेकॅनिककाकांनी मला दाखवलं की मशीनच्या बैठकीवर, उजव्या हाताला, एक नंबर कोरलेला असतो. आईच्या सिंगरचा नंबर इंग्रजी 'वाय' अक्षराने सुरू होतो. हे अक्षर म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची खूण, आणि काळ १९२१ ते १९३५. हा प्रचंड कारखाना १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. म्हणजे आई जन्मायच्या आधी हे मशीन बोटीत बसलं होतं! आधी कुणाकडे होतं, शिंप्याकडे कसं आलं, ते सगळं गेलं. त्याला विचारायला हवं होतं असं आज वाटतं. तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि नंतर कुणाला सुचलं नाही.

त्याचं शटलसुद्धा गंमतीचं आहे. आजच्या मशीनमध्ये गोल डबी आणि गोल बॉबिन असते. याचं शटल लांबट, होडीसारखं, आणि आतलं रीळ बोटाएवढं. ते खाली पुढे-मागे हिंदकळत जातं. सुई दोरा घेऊन खाली उतरली की दोऱ्याचा छोटासा फास होतो आणि त्या फासातून ही होडी आपला दोरा घेऊन पलीकडे जाते. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकले की एक टाका. माझ्या नातीला मी हे खालची पट्टी सरकवून दाखवते. ती म्हणते, "आजी, होडी पुन्हा!" मोबाइल विसरते पाच मिनिटं.

या यंत्राचा इतिहास वाचायला लागले तर प्रत्येक वळणावर बाईच भेटते, फक्त तिचं नाव मागे. पॅरिसमध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, सैन्याचे गणवेश शिवायला सुमारे ८० यंत्रं बसवली. आपलं पोट जाणार म्हणून चिडलेल्या शिंप्यांनी ती सगळी मोडून टाकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत वॉल्टर हंट याने दोन दोऱ्यांच्या टाक्याचं यंत्र बनवलं आणि पेटंट मात्र घेतलं नाही. सांगतात असं की त्याच्या मुलीने त्याला अडवलं. हाताने शिवणाऱ्या गरीब बायका उपाशी मरतील, असं तिचं म्हणणं पडलं. पुढे १८४६ मध्ये इलियास हाव याने पेटंट घेतलं आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने.

हंटच्या मुलीची ती भीती चूक होती का? मला तसं म्हणवत नाही. कारखान्यांत मशीनं आली आणि बायकांना अंधाऱ्या खोल्यांत नगावर राबवलं गेलं, हे खरंच आहे. पण तेच मशीन घरात आलं तेव्हा गोष्ट बदलली. आणि ते घरात आलं कसं? हप्त्यावर! सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये थोडे पैसे आधी आणि बाकीचे महिन्याच्या महिन्याला, अशी पद्धत सुरू केली. आज आपण फ्रिजपासून फोनपर्यंत सगळं ज्या हप्त्यावर आणतो, त्याची सवय जगाला लावण्यात शिलाई मशीनचा मोठा हात आहे.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात, हे आपण शाळेत शिकलो. पण १९२४ साली त्यांना कुणी विचारलं की तुम्हाला एकही यंत्र चालत नाही का, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हाताने शिवताना होणारा त्रास पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं ते म्हणाले. सिंगर साहेबांच्या संसाराची खरी कहाणी गांधीजींपर्यंत पोचली नसावी. एकाहून अधिक घरं आणि वीसहून जास्त मुलं होती या गृहस्थांना! असो. अपवाद मात्र योग्य केला.

आणि एक नाव मी माझ्या प्रत्येक पाहुणीला सांगते: हेलन ब्लँचर्ड. अमेरिकेतल्या या बाईने १८७३ मध्ये नागमोडी टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या नागमोडी टाक्यावरच आपला पिको उभा आहे. आपल्या गावातल्या पिको-फॉलवाल्या ताई दिवसभर जो टाका मारतात, त्याच्या मुळाशी एक बाई आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला नको का? मी आमच्या गल्लीतल्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरीच! पुरुषाला साडीचा काठ सुटतो हे कळलंच नसतं."

आपल्याकडे देशी मशीन आलं ते १९३० च्या दशकात. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा काढलं आणि स्वातंत्र्यानंतर तर उषा म्हणजेच मशीन असं झालं. लग्नात रुखवताच्या शेजारी मशीन मांडलेलं असायचं, वर हळदीकुंकवाची बोटं. माझ्याकडच्या एका मशीनवर ती बोटं अजून दिसतात. मी पुसलेली नाहीत.

विणकामाच्या मशीनची गोष्ट वेगळी, आणि ती माझ्या जाऊबाईंची आहे. १९८७ मध्ये त्यांनी बँकेचं कर्ज काढून विणकामाचं मशीन घेतलं. टेबलावर आडवी लांब पट्टी, तिच्यात २०० सुया ओळीने, प्रत्येक सुईला पुढे आकडा आणि आकड्याला उघडझाप करणारी इवलीशी जीभ. वरून ठोकळा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवला की पूर्ण एक ओळ विणून तयार. खर्रर्र... खर्रर्र... तो आवाज ऐकत आमच्या घरातली मुलं झोपायची. जाऊबाई शाळांचे स्वेटर विणायच्या, मरून आणि नेव्ही ब्ल्यू. नगरची थंडी कडक. दसरा ते डिसेंबर त्यांना मान वर करायला फुरसत नसे. मग लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्त झाले, शाळांनी ठेके दिले. त्यातच एक दिवस मशीन टाके गाळायला लागलं. दुरुस्तीला कुणी मिळेना. "बिघडलं ते बिघडलंच," म्हणून माळ्यावर गेलं आणि वीसेक वर्षं तिथेच राहिलं.

मी ते उतरवलं तेव्हा मला काय सापडलं माहितीये? सुयांच्या वर एक पातळ पट्टी असते, तिच्यात स्पंज बसवलेला असतो. तो सुयांना दाबून धरतो. इतक्या वर्षांत त्याचा भुगा झालेला. स्पंज दबला की सुया उचलल्या जातात आणि टाके गळतात. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. स्पंजची एक चिंधी बदलायची होती. ती नसल्यामुळे एका बाईचा धंदा बंद पडला, असं मी म्हणणार नाही. लुधियानाने तो बंद पाडलाच असता. पण जाऊबाई इतकी वर्षं समजत होत्या की आपण चुकीचं चालवलं, आपल्या हातून मोडलं, कर्ज काढून घेतलेली वस्तू आपण वाया घालवली. नवा स्पंज बसवला, मी ठोकळा सरकवला, ओळ सरळ आली. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि बराच वेळ चहा करत राहिल्या.

हे सगळं मी कौतुकाने सांगतेय, पण माझ्या छंदाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. तेही सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी आषाढात नेवाशाकडची एक बाई दारात आली. पस्तिशीची असेल. सोबत टेम्पोत मशीन. "बाई, तुमी जुन्या मशीन घेता म्हनं." मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे गावोगावच्या मुली मला अजून बाईच म्हणतात. मशीन पायाचं होतं, देशी, काळं, फार जुनं नव्हे, पण काय राखलेलं! कुठे गंज नाही, पट्टा नवा, ड्रॉवरमध्ये सुया कागदात गुंडाळलेल्या. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. मी म्हटलं, विकतेस कशाला? तर गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता थकला होता आणि वसुलीवाला रोज दारात येऊन बसत होता. शेजारी बघायचे. मी तिला अडीच हजार दिले. ती पाच मिनिटं मशीनपाशी उभी राहिली, मग म्हणाली, "आठ दिसाला तेल घाला बाई. आन् चालवत जावा, न्हाई तर जाम व्हती." गेली.

मी खूष होते हो! इतकं सुरेख मशीन इतक्या स्वस्तात! त्या रात्री मी वहीत त्याची नोंद केली, फोटो काढला.

नवरात्रात ती परत आली. हातात पिशवी, पिशवीत ब्लाऊजपीस. "बाई, दिवाळीच्या शिलाया आल्यात. म्होरच्या गल्लीतल्या मशीनवाली भाडं मागती. तुमच्याकडं बसून मारू का दोन-चार ब्लाऊज? माझ्याच मशीनवर." माझ्याच मशीनवर, हे शब्द तिने सहज वापरले. तिला टोमणा मारायचा नव्हता. पण मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी जिला संग्रहातली वस्तू म्हणत होते ते तिचं पोट होतं, आणि माझ्या घरी तीन महिने त्याच्यावर मी भरतकामाचा रुमाल घालून ठेवला होता.

मशीन परत ने म्हटलं. फुकट न्यायला ती तयार होईना. शेवटी ठरलं: ती शंभर-शंभर करून जमेल तसे पैसे देईल. दोन वर्षांत तिने सगळे फेडले. मी नको म्हणूनही.

तेव्हापासून माझ्या घरात दोन नियम आहेत. विकायला आलेल्या बाईला मी आधी विचारते, हे तुझं चालतं मशीन आहे का? असेल तर विकत घ्यायचं नाही. नड असेल तर पैसे उसने द्यायचे, आणि तेवढे आपल्याकडे नसतील तर तसं सरळ सांगायचं. दुसरा नियम, संग्रहातलं मशीन बंद ठेवायचं नाही. माझ्याकडची तीन सध्या बाहेर आहेत. एक केडगावला एका मुलीकडे, जी अजून शिकतेय. अलीकडचं पांढरं, विजेवर चालणारं, काज-बटण आणि पिको करणारं मशीन तर घरी क्वचितच असतं. आमच्या ह्यांचा यामुळे माझ्या छंदाला असलेला विरोध बराच निवळला आहे.

आता थोडं कायद्याचं बोलते, कारण त्या हातगाडीवरच्या म्हातारीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. लग्नात माहेराहून मिळालेलं मशीन हे स्त्रीधन आहे. ते नवऱ्याचं नाही, सासरचं नाही, मुलांचंही नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की स्त्रीधनाची मालक फक्त ती स्त्री. सासरच्यांकडे ते असलं तर विश्वासाने ठेवलेलं असतं आणि मागितल्यावर न देणं हा गुन्हा होऊ शकतो. कमाईतून तिने स्वत: घेतलेलं असेल तर प्रश्नच नाही. सातबाऱ्यावर आपल्यापैकी कितीजणींची नावं आहेत? घराच्या उताऱ्यावर? मशीन ही बहुतेक घरांतली अशी एकच मोठी वस्तू, जिला सगळं गाव "तिचं मशीन" म्हणतं. आणि विकायची वेळ आली की नेमकं तिलाच विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट वसुलीवाल्यांची. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ६० वं कलम आहे. त्यानुसार कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाच्या हुकुमानेसुद्धा कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूणही नाही. खुद्द मशीनच तारण ठेवून कर्ज काढलं असेल तर गोष्ट वेगळी. पण जे न्यायालयाला करता येत नाही ते मोटारसायकलवर आलेल्या पोराला करता येतं असं समजू नका. घाबरून मशीन विकायच्या आधी गटातल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या, तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. तिथे बायकांना वकील फुकट मिळतो.

आणि नवं हवं असेल तर जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून शिलाई आणि पिको-फॉल मशीन ९० टक्के अनुदानावर देण्याच्या योजना निघत असतात. पंचायत समितीत जाऊन यंदाची जाहिरात कधी निघणार ते विचारा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे, त्यात अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. मात्र "प्रत्येक महिलेला मोफत शिलाई मशीन" असे जे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांच्या नादी लागून आधार नंबर आणि पैसे देऊन बसू नका. आमच्या ओळखीतल्या दोघी फसल्या आहेत.

त्या हातगाडीवरच्या मशीनचं सांगायचं राहिलंच. चाक जाम होतं. आठ दिवस रोज थोडं रॉकेल सोडलं, पुसलं, मग मशीनचं तेल. (खोबरेल किंवा खायचं तेल कधी घालू नका, त्याचा डिंक होतो. आणि रॉकेलचा बोळा सोनेरी नक्षीवरून फिरवू नका, नक्षीच निघून येते. मी एकदा हा पराक्रम केलाय.) नवव्या दिवशी चाक हललं. खालची पट्टी सरकवली तर आत तीच होडी, आणि रिळावर अजून दोरा होता. हिरवा. तिने शेवटचं काय शिवलं असेल, कुणाचा परकर, कुणाचं पोलकं? सुई मात्र मोडलेली होती. कापड बाजारात साधी घरगुती सुई घेतली, ती बरोबर बसली. हा या जुन्या सिंगरचा मोठेपणा, सुई आजही तीच लागते. स्टँड गेला म्हणून हाताचं चाक लावून घेतलं. हिरवा दोरा मी तसाच ठेवलाय, दुसऱ्या रिळावर शिवते.

वहीत या मशीनचं पान अर्धं रिकामं आहे. बाकी प्रत्येक पानावर लिहिलंय: कुणाचं, कधी घेतलं, पैसे कुठून आले, पहिलं काय शिवलं. पैसे कुठून आले हा रकाना मला सगळ्यात आवडतो. दोन पुतळ्या. म्हशीचं दूध. भिशी. नवऱ्याला न सांगता साठवलेले. एकीने सांगितलं, "ते नका लिहू." मी लिहिलं नाही.

तुमच्या घरात मशीन असेल तर आज त्याच्यावरचे कपड्यांचे गठ्ठे काढा. पुसा, दोन थेंब तेल सोडा, चाकाचा वरचा भाग आपल्या अंगाकडे येईल असं हळूच फिरवून बघा. उजव्या हाताला नंबर असेल, तो उतरवून घ्या. आणि ते ज्यांचं आहे त्या आई, आजी, सासूबाई अजून घरात असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा, पैसे कुठून आणले होते. दिल्ली दरवाजाच्या त्या भंगारवाल्याला मी माझा नंबर देऊन ठेवला आहे. त्याला सांगितलंय, पुन्हा असं काही आलं तर आधी घरातल्या म्हातारीला विचारून ये, मग मला फोन कर. त्याने मान डोलावली, पण तो विचारेल असं मला काही वाटत नाही.